शहरांच्या जोखमीचा हिशेब

मे 2006 च्या अखेरीस अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने शहरांना मिळणाऱ्या दहशतवादविरोधी निधीचे आकडे जाहीर केले आणि न्यूयॉर्क संतापलं. आदल्या वर्षी या शहराला 20 कोटी 76 लाख डॉलर मिळाले होते, आता साडेबारा कोटींच्या आसपास मिळणार होते. राजधानी वॉशिंग्टनच्या वाट्यातही सुमारे 40 टक्के कपात झाली. सप्टेंबर 2001 चे हल्ले याच दोन ठिकाणी झाले होते. मी तेव्हा जर्सी सिटीत राहायचे आणि रोज नदी ओलांडून मॅनहॅटनमधल्या ऑफिसात इमारतींच्या विम्याचे हप्ते ठरवायचे. जोखीम मोजणं हाच माझा पेशा. म्हणून मला सगळ्यात आधी जाणून घ्यायचं होतं की हा आकडा काढला कसा.

मोठ्या शहरांसाठीची ही योजना 2003 मध्ये सात शहरांपासून सुरू झाली. पोलिसांचं प्रशिक्षण, बॉम्बशोधक पथकं, एकमेकांशी जुळणारी बिनतारी यंत्रणा, अग्निशमन दलाची साधनं अशा गोष्टींसाठी हा पैसा असतो. तो आधी राज्याकडे जातो आणि राज्याला त्यातला किमान 80 टक्के भाग 45 दिवसांत खाली पोहोचवावा लागतो.

वाटपामागचं सूत्र दिसायला सोपं आहे. हल्ला होण्याची शक्यता किती, हल्ला झाला तर तो यशस्वी होईल इतक्या उणिवा आहेत का, आणि झाला तर नुकसान किती, या तीन गोष्टींचा गुणाकार म्हणजे जोखीम. आम्ही विम्यातही साधारण असाच विचार करतो. पण आमच्याकडे आगी आणि पुरांच्या अनेक दशकांच्या नोंदी असतात. दहशतवादी हल्ले सुदैवाने विरळ. त्यामुळे इथे नोंदींपेक्षा माणसांनी ठरवलेल्या गुणांवर जास्त भिस्त असते.

हे गुण कसे दिले जात होते, ते अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या 2008 च्या अहवालातून कळतं. एकूण गुणांपैकी 40 टक्के लोकसंख्येला, 20 टक्के आर्थिक उलाढालीला, 15 टक्के राष्ट्रीय महत्त्वाच्या सुविधांना, 5 टक्के लष्करी व तत्सम गोष्टींना आणि उरलेले 20 टक्के गुप्तचर माहितीवरून ठरवलेल्या धोक्याला. मग शहरांतल्या उणिवांचं काय? तिथे खात्याने सगळ्यांना सारखाच गुण दिला होता: एक. एकाने गुणलं की काहीच बदलत नाही. म्हणजे ज्या शहराने आपली स्थानकं आणि बोगदे सुरक्षित केले आणि ज्याने काहीच केलं नाही, ती दोन्ही या हिशेबात सारखीच. लेखापरीक्षकांनी नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं. कडी-कुलूप असलेल्या आणि सताड उघड्या घराला मी एकच हप्ता लावला असता, तर माझ्या वरिष्ठांनी तो कागद तिथल्या तिथे परत केला असता.

2006 च्या गणितात आणखी एक गोष्ट मिसळली होती. जोखमीबरोबरच शहरांनी पाठवलेल्या प्रस्तावांच्या दर्जालाही गुण होते. शिवाय खात्याच्या कागदावर न्यूयॉर्कमधल्या राष्ट्रीय स्मारकांच्या रकान्यात शून्य होतं. ब्रुकलिन ब्रिज पुलांमध्ये मोजला होता, एम्पायर स्टेट बिल्डिंग कार्यालयांच्या इमारतींमध्ये. नियमाने पाहिलं तर ते चूक म्हणता येणार नाही, पण ज्या कारणासाठी हल्लेखोर एखादी जागा निवडतो, तेच त्या रकान्यातून निसटलं.

त्याच वर्षीच्या जुलैत खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल बाहेर आला. देशातल्या महत्त्वाच्या ठिकाणांच्या यादीत 77,069 नोंदी होत्या आणि सर्वाधिक, 8,591, इंडियाना राज्याच्या. न्यूयॉर्क राज्याच्या त्याहून कितीतरी कमी. अलाबामातलं मुलांसाठीचं एक छोटं प्राणिसंग्रहालय आणि टेनेसीतली खेचरांची मिरवणूकही यादीत होती. काय महत्त्वाचं मानायचं हे राज्यांनी आपापल्या परीने ठरवलं होतं. त्याच आठवड्यात, 11 जुलैच्या संध्याकाळी, मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांत सात स्फोट झाले. मी त्याच लोकलने कॉलेजला गेलेली मुलगी. गर्दीच्या वेळी भरलेला डबा कुठल्या यादीत कोणत्या क्रमांकावर असायला हवा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सूत्राच्या बरोबरीने कायदाही वाटप ठरवतो. राज्यांसाठीच्या वेगळ्या निधीत 2001 च्या कायद्याने प्रत्येक राज्याला 0.75 टक्के वाटा हमखास दिला होता. त्यामुळे विरळ वस्तीच्या वायोमिंगला दरडोई न्यूयॉर्कच्या कितीतरी पट रक्कम मिळायची. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने 2004 मध्ये स्पष्ट सांगितलं की हा पैसा केवळ जोखीम पाहूनच द्यावा. तरीही सेनेटमध्ये लहान राज्याला मोठ्या राज्याइतकीच मतं असतात. 2007 च्या कायद्याने ती हमी कमी केली, पण काढून टाकली नाही. त्याच कायद्यानुसार सर्वांत मोठ्या 100 महानगर परिसरांची जोखीम दरवर्षी तपासली जाते.

तपासलेल्या सगळ्यांना पैसे मिळत नाहीत. 2010 मध्ये 64 परिसरांना निधी मिळाला, पुढच्या वर्षी फक्त 31 जणांना. रेघ कुठेतरी ओढावीच लागते, हे मला मान्य आहे. पण जून 2016 मध्ये ऑर्लँडोतल्या नाइटक्लबमध्ये 49 जण मारले गेले, तेव्हा त्या वर्षीच्या यादीत ऑर्लँडो नव्हतं. निधी असता तर ते वाचले असते, असं कुणालाच म्हणता येणार नाही. मात्र रेघेखालचं शहर सुरक्षित असतं, हा समज त्या रात्री टिकला नाही.

सूत्र आलं की राजकारण संपलं, असं अधिकारी सांगतात तेव्हा मला ते पटत नाही. लोकसंख्येला 40 टक्के द्यायचे की 25, हा निर्णय गणित घेत नाही, माणसं घेतात. माझं मत विचाराल तर माणसांच्या संख्येला सर्वाधिक वजन हवंच. गुप्तचरांची माहिती गुप्त राहावी, हेही योग्य. पण कशाला किती वजन दिलं, यादीत काय धरलं आणि मागच्या वर्षीच्या पैशाने कोणती उणीव भरून निघाली, हे नागरिकांना कळायलाच हवं. त्यातला तिसरा हिशेब सर्वांत कमी मांडला जातो आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत गरजेचा आहे. उणीव भरली की नाही हेच ठाऊक नसेल, तर पुढच्या वर्षी कुणाला किती द्यायचं हे कुठलंही सूत्र सांगू शकणार नाही.