प्रथिनांचे स्थलांतर आणि स्मृती

स्मृती म्हणजे मेंदूच्या एखाद्या कप्प्यात जपून ठेवलेली वस्तू होय, अशी समजूत आपल्या नित्याच्या बोलण्यातून प्रकट होते. चेतापेशींच्या अभ्यासातून मात्र निराळे चित्र समोर येते. त्याचा परिचय प्रस्तुत लेखात आम्ही थोडक्यात करून देत आहोत.

एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जातो तो चेतासंधीच्या द्वारे. बहुसंख्य संधींवर पहिली पेशी ग्लुटामेट हे द्रव्य सोडते आणि दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिने ते टिपतात. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात असे दाखविले की, जलद विद्युत्-स्पंदनांची मालिका दिल्यावर संधी कित्येक तास प्रबळ राहते. ही प्रबळता येते कशी?

याचे एक उत्तर प्रथिनांच्या स्थानात सापडते. पेशी जोराने उत्तेजित झाली की 'एनएमडीए' नावाचे ग्राही खुले होऊन कॅल्शियम आत शिरते. त्यायोगे 'कॅम-कायनेज-२' हे प्रथिन कार्यान्वित होते आणि संधीपाशी येऊन जमते. १९९९ मध्ये शेन आणि मेयर यांनी या प्रथिनाला हिरवा प्रकाश देणारे दुसरे प्रथिन जोडून जिवंत पेशीत हे स्थलांतर प्रत्यक्ष पाहिले. त्याच वर्षी मालिनोव यांच्या गटाने 'अँपा' नावाचे ग्राहीही उत्तेजनानंतर संधीकडे सरकतात, हे दाखविले. ग्राही वाढले म्हणजे तेवढ्याच ग्लुटामेटला पेशी अधिक प्रतिसाद देते. उलट, मंद आणि दीर्घकाळ उत्तेजन मिळाल्यास ग्राही आत ओढले जातात व संधी दुर्बल होते.

तात्पर्य, प्रथिन तेच असते. परंतु ते कोठे आहे यावर त्याचे कार्य ठरते आणि ते कोठे असावे हे पेशीची क्रियाच ठरविते.

या ज्ञानाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. अल्झायमरच्या विकारात साचणारे बीटा-अमिलॉइड हे संधीवरील अँपा ग्राही हटविते, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे पेशी मरण्यापूर्वीच संधी क्षीण होऊ शकते.

बहुतेक प्रथिने काही दिवसांत वा आठवड्यांत नष्ट होऊन त्यांच्या जागी नवी येतात, तरी आठवण वर्षानुवर्षे टिकते. म्हणून स्मृती ही साठवलेली वस्तू नसून सतत नव्याने राखली जाणारी रचना आहे, असे म्हणणे आम्हांस अधिक युक्त वाटते.