गल्लीतला ट्रक

रात्री गल्लीत उभा राहिलेला दहाचाकी ट्रक सकाळी शाळेच्या बसची वाट अडवतो. तक्रार केली की मालकाचं उत्तर ठरलेलं: रस्ता सार्वजनिक आहे!

आहेच. म्हणूनच तिथे 1988 चा मोटार वाहन कायदा लागू होतो. एकूण वजन 12,000 किलोंहून जास्त असलेलं मालवाहू वाहन या कायद्याच्या लेखी ‘अवजड’. वाहनतळ कुठे असावेत, हे कलम 117 नुसार राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवतो. अवजड वाहनांना एखाद्या भागात बंदी घालण्याची सोय कलम 115 मध्ये आहे.

फलक नसला तरी धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल असं वाहन उभं करायला कलम 122 मनाई करतं. दहा तास बेवारस उभं असलेलं वाहन पोलीस उचलून नेऊ शकतात आणि खर्च मालकाच्याच माथी.

सोसायटीच्या कुंपणाआत मात्र उपविधी पाहावे लागतात.