चामखिळीचे पदर आणि तंबाखूची पानं

वडोदऱ्याच्या गोत्रीतल्या एखाद्या सोसायटीत संध्याकाळचं क्रिकेट रंगलं असेल, तेव्हा बॅट धरलेले हात जरा निरखून बघा. कुणाच्या तरी बोटावर, नखाच्या कडेला, खरखरीत असा छोटा उंचवटा दिसेल. मराठी घरातला मुलगा त्याला चामखीळ म्हणेल, त्याचा गुजराती दोस्त मसो. आणि मग उपाय सांगायला सगळे पुढे येतील! एक आजी म्हणेल घोड्याचा केस घट्ट बांध, दुसरी म्हणेल चुना लाव, तिसरी म्हणेल बिब्बा घाल. चुना आणि बिब्बा दोन्हींपासून लांब राहा बरं का. चुन्यानं कातडी भाजते, बिब्ब्यानं फोड उठतात आणि डाग राहतात.

मुळात चामखीळ उगवते कशी? एका विषाणूमुळे. त्याचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत आणि त्यातले थोडेच हातापायांवर चामखिळी आणतात. हा इतका बारीक, की एका मिलिमीटरच्या रेषेत असे सुमारे 18,000 विषाणू ओळीनं बसतील. पोहण्याच्या तलावाची ओली फरशी, दुसऱ्याचा टॉवेल, दातांनी कुरतडलेलं नख, एवढं त्याला पुरतं. कातडीला बारीकसा ओरखडा असला की हा आत.

आपल्या बाह्यत्वचेच्या तळाशी रोज नव्या पेशी जन्मतात. त्या हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात, मरतात आणि शेवटी गळून पडतात. हा प्रवास साधारण महिन्याभराचा. विषाणू थेट तळाच्या पेशीत शिरतो आणि पेशींची वाढ भराभर करायला लावतो. मेलेल्या पेशींचा जाड थर साचतो, तीच चामखीळ. आता त्याचा लबाडपणा बघा. आपली नवी पिल्लावळ तो अगदी वरच्या थरात तयार करतो, जिथं रक्त पोचत नाही आणि ज्या पेशी नाहीतरी गळणारच असतात. त्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशींना कित्येक महिने त्याचा पत्ताच लागत नाही.

चामखिळीत कधी काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना मुळं समजून सुई घेऊन उकरायला बसतात. पण चामखिळीला मूळ नसतंच! ते ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त. उकरलं तर रक्त येतं, आणि विषाणूला पसरायला आयती संधी मिळते.

घरी करता येण्यासारखा आणि नीट तपासलेला उपाय म्हणजे सॅलिसिलिक आम्ल. औषधाच्या दुकानात त्याची छोटी बाटली मिळते. त्यात साधारण 17 टक्के सॅलिसिलिक आम्ल असतं, आणि बऱ्याचदा दह्यात असतं ते लॅक्टिक आम्लही. हे आम्ल विषाणूला मारत नाही. दिवाळीतले चिरोटे आठवा: साटा लावलेली पोळी तळली की तिचे पदर एकमेकांपासून सुटतात. चामखिळीतल्या मेलेल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, आणि सॅलिसिलिक आम्ल नेमकी ती पकड सैल करतं. पदर सुटतात, आणि विषाणूचं घर वरून एकेक थर करत उतरत जातं. शिवाय आम्लामुळे तिथली त्वचा थोडी चुरचुरते, लालसर होते. ही गडबड संरक्षक पेशींच्या लक्षात येते आणि त्या तिथं पोचतात, असं शास्त्रज्ञांना वाटतं. म्हणजे शेवटची लढाई तुमचं शरीरच लढतं.

म्हणूनच घाई चालत नाही. उपचार 12 आठवड्यांपर्यंतही चालू शकतो. आईबाबांनी रोज रात्री चामखीळ पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवायची, पांढरी पडलेली कातडी कानशीसारख्या खरखरीत पट्टीनं हलकेच घासायची (ती पट्टी दुसऱ्या कशालाही वापरायची नाही), आजूबाजूच्या चांगल्या त्वचेला व्हॅसलीन लावायचं आणि औषधाचा थेंब फक्त चामखिळीवर टेकवून वाळू द्यायचा. बाटलीतला द्रव झटकन पेट घेतो, म्हणून गॅस आणि देवघरातला दिवा यांच्यापासून ती लांब ठेवायची. फार आग झाली तर काही दिवस थांबायचं. चेहऱ्यावर, तिळावर, जन्मखुणेवर किंवा चिरलेल्या त्वचेवर हे औषध कधीच लावायचं नाही. मधुमेह असलेल्या आजोबांनी तर तळपायाला ते आपल्या मनानं लावूच नये. आणि मुळात ती चामखीळच आहे का, हे आधी डॉक्टरांना दाखवून घ्यायचं. गोत्रीच्या मुलांना त्यासाठी लांब जायला नको, जीएमईआरएस मेडिकल कॉलेजचं मोठं रुग्णालय गोत्रीतच आहे. काहीच केलं नाही तरी मुलांच्या बऱ्याचशा चामखिळी वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातात, तेव्हा दुखत नसेल तर वाट पाहणंही चुकीचं नाही.

वडोदऱ्याच्या मुलांना औषधाचे कारखाने नवे नाहीत. 1907 साली स्थापन झालेली अलेंबिक ही औषधकंपनी शेजारच्या गोरव्यातच आहे. सॅलिसिलिक आम्लही आज कारखान्यातच बनतं, 1874 मध्ये जर्मनीत ते मोठ्या प्रमाणावर बनू लागलं. पण त्याच्याही कितीतरी आधीपासून ते झाडं बनवत आली आहेत. आपल्या ओढ्या-नद्यांच्या काठी वाढणाऱ्या वाळुंजाच्या कुळातल्या झाडांच्या सालीत सॅलिसिन असतं. त्यापासून 1838 साली इटलीच्या राफाएले पिरिया यांनी हे आम्ल मिळवलं.

झाडांना ते कशाला लागतं? वडोदऱ्याहून उत्तरेला निघून मही नदी ओलांडली की चरोतर लागतो, तंबाखूच्या शेतांचा मुलूख. तंबाखूलाही एक विषाणू छळतो, पानांवर फिकट-गडद ठिगळं पाडतो. 1990 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना दिसलं, की या विषाणूशी झुंजू शकणाऱ्या जातीच्या पानाला लागण झाली की त्या पानात सॅलिसिलिक आम्ल भराभर वाढतं. तो धोक्याचा इशारा असतो, आणि झाडाची बाकीची पानंही सावध होऊन विषाणूशी लढायला तयार होतात. पुढे 1997 मध्ये आणखी गंमत कळली: आजारी झाड या आम्लातलं थोडं मेथिल सॅलिसिलेटच्या रूपात हवेत सोडतं, आणि शेजारचं निरोगी झाडही तयारीला लागतं. मेथिल सॅलिसिलेटचा वास तुम्ही घेतलेला आहे. आजीच्या गुडघ्याला चोळायच्या मलमाचा तो झणझणीत वास बहुतेक वेळा त्याचाच असतो.