'एअरपोर्टची भरती' व्हॉट्सॲपवर होत नसते

'नवी मुंबई एअरपोर्टला थेट भरती, दहावी पास चालेल, रजिस्ट्रेशन फी फक्त १,५५०.' असले मेसेज पनवेलजवळच्या सुकापूरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत असतात. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. पार नेरे गावापर्यंतच्या घराघरांतली पोरं तिकडे डोळे लावून बसली आहेत, हे मेसेज पाठवणाऱ्यांना बरोबर ठाऊक आहे.

सावध करायला जावं तर उत्तर ठरलेलं: ''अहो, सरकारी भरतीलाही फी असतेच की!'' हे ऐकून आता कान किटले. असते ना. पण ती परीक्षेची फी, अधिकृत वेबसाइटवर भरायची. रेल्वेच्या एनटीपीसी परीक्षेला खुल्या गटातला उमेदवार ५०० रुपये भरतो आणि पहिल्या टप्प्याला बसला की त्यातले ४०० परत मिळतात. कुण्या 'एचआर मॅडम'ना जीपे केलेले पैसे कुठल्या परीक्षेचे?

मुळात 'एअरपोर्टची भरती' असं एकच काही नसतं. विमानतळाच्या कंपनीत अदानी समूहाचा वाटा ७४ टक्के, सिडकोचा २६. पण आत राबणाऱ्यांचे मालक वेगवेगळे. सामान चढवणारे ग्राउंड हँडलिंग कंपन्यांचे, विमानातले कर्मचारी विमान कंपन्यांचे, हवाई वाहतूक नियंत्रक विमानतळ प्राधिकरणाचे. सीआयएसएफच्या शिपायांची भरती कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून होते. तेव्हा 'कंपनी कुठली, पद कुठलं?' एवढंच विचारा; पलीकडचा बहुधा गडबडतो. 'एंट्री पास'चे पैसे मागितले तर मग शंकाच नको. तो पास नागरी विमान सुरक्षा ब्युरोच्या नियमांनी मिळतो आणि त्यासाठी अर्ज नोकरी देणारी संस्था करते. आधी नोकरी, मग पास.

याचा अर्थ सोशल मीडिया सगळा थोतांड, असंही नाही. कंपन्या लिंक्डइनवर खरोखर जागा टाकतात, उमेदवारही शोधतात. फक्त ती जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर सापडते का, हे पाहायचे कष्ट घ्यावेत. 'जवळचा माणूस आत पाहिजे' हेही अर्धसत्यच. ओळखीचा उपयोग होतो, पण घट्ट नात्यांपेक्षा लांबच्या ओळखी नोकरीसाठी जास्त कामी येतात, असं समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांचा अभ्यास २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला, त्यातही साधारण तेच दिसलं. म्हणजे सख्ख्या मामापेक्षा जुन्या नोकरीतला सुपरवायझर उपयोगी. मामांनी राग मानू नये.

नोकरीबद्दल असेच आणखी काही समज ऐकू येतात. 'मर्चंट नेव्हीत एजंटला पैसे द्यावेच लागतात.' नाही. जहाजावर नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमबाह्य आहे आणि एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो.

'फेसबुकवर काय टाकलंय ते कंपनी कुठे बघते?' बघणारे बघतात. जुन्या मालकाला घातलेल्या शिव्याही वाचतात.

आणि हा आणखी एक मेसेज: 'व्हिडिओ लाइक करा, घरबसल्या कमवा.' सुरुवातीला दीडशे-दोनशे खरोखर जमा होतात, तेच आमिष. नंतर 'प्रीपेड टास्क' म्हणून हजारो उकळतात.

पैसे गेलेच असतील तर लाजत घरी बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तातडीने फोन करा. रक्कम काढली जाण्याआधी तक्रार पोचली तर ती गोठवता येते. चॅट मात्र डिलीट करू नका, व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवा.