युद्धकैदी आप्ताचा शोध : सुरुवात सैनिक क्रमांकापासून

महाराष्ट्रातील अनेक गावांत असे एखादे घर आढळते, की ज्यातील आजोबा वा पणजोबा दुसऱ्या महायुद्धावर गेले आणि ‘बेपत्ता’ एवढ्या एका शब्दाखेरीज त्यांची काहीच खबर आली नाही. ते कैद झाले की कामी आले, हे घरच्यांना कळलेच नाही. इतक्या वर्षांनंतरही हा शोध घेणे शक्य आहे; मात्र त्याचा आरंभ योग्य ठिकाणाहून झाला पाहिजे.

कैद कोठे झाली?

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि सुमारे ४०,००० भारतीय सैनिक जपानच्या हाती सापडले. त्यांपैकी अनेकांना पुढे न्यू गिनी व न्यू ब्रिटन बेटांवर मजुरीसाठी नेण्यात आले. त्याच वर्षी २१ जून रोजी उत्तर आफ्रिकेतील तोब्रुक पडले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण तेथे होती. आफ्रिकेतील बहुसंख्य कैद्यांची रवानगी इटलीत झाली. अव्हेझ्झानो येथे भारतीय कैद्यांची छावणी होती. १९४३ मध्ये इटली शरण गेल्यावर अनेकांना जर्मनांच्या ताब्यातील छावण्यांत हलविण्यात आले.

सैनिक कोणाच्या कैदेत होता, यावर त्याची नोंद कितपत मिळेल हे अवलंबून असते. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्यांची माहिती मध्यवर्ती संस्थेस कळविणे आवश्यक होते. जर्मनी व इटलीने हा करार स्वीकारला होता; जपानने त्यावर सही केली, परंतु त्यास अंतिम मान्यता दिली नाही. त्यामुळे पूर्वेकडील कैद्यांच्या याद्या अपुऱ्या आहेत. म्हणून ‘नोंद आढळली नाही’ या उत्तराचा अर्थ ‘तो कैदी नव्हता’ असा घेऊ नये.

घरातील पुरावा

शोधाची खरी किल्ली नाव नसून सैनिक क्रमांक ही होय. मराठी नावे इंग्रजीत निरनिराळ्या प्रकारे लिहिली गेली आणि एकाच नावाचे अनेक शिपाई एका पलटणीत असत. डिस्चार्ज प्रमाणपत्र, निवृत्तिवेतनाचे पुस्तक, जुनी मनीऑर्डर पावती हे सर्व तपासावे. कैदेतून आलेले पोस्टकार्ड असल्यास त्यावर छावणीचा क्रमांक मिळू शकतो. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर ती सहसा नसते.

अर्ज कोठे करावा?

१९४७ नंतर साध्या शिपायांच्या सेवानोंदी त्या त्या रेजिमेंटबरोबर भारतात वा पाकिस्तानात राहिल्या. त्या लंडनमध्ये शोधू नयेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगाव येथे, तर बॉम्बे सॅपर्सचे पुण्यातील खडकी येथे आहे. पलटणच ठाऊक नसल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे मार्गदर्शन घ्यावे.

कैदेच्या नोंदींसाठी जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या अभिलेखागाराकडे विनंती करता येते. दुसऱ्या महायुद्धाविषयीच्या विनंत्या वर्षातील ठराविक काळातच व मर्यादित संख्येने स्वीकारल्या जातात. पहिल्या महायुद्धातील कैद्यांची नोंदपत्रे मात्र २०१४ पासून संगणकावर पाहता येतात. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा येथे मराठा पलटणींसह शरण गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमधील सैनिकांच्या कुटुंबांना ती उपयोगी पडतील.

मृत्यू ओढवल्याची शंका असल्यास राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या नामसूचीत शोध घ्यावा. तीत दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांची नोंद आहे. ज्यांची समाधी ज्ञात नाही, अशांपैकी २४,००० हून अधिक नावे सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर आहेत. आझाद हिंद सेनेत दाखल झालेल्या कैद्यांविषयीची कागदपत्रे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

गावाचे साहाय्य

अर्जात सैनिक क्रमांक, पलटण, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, जुना व नवा जिल्हा आणि अर्जदाराचे नाते स्पष्ट लिहावे. नात्याचा पुरावा जोडावा. ग्रामपंचायतीने गावातील अशा घरांची यादी केली आणि शिक्षकांनी जुनी इंग्रजी कागदपत्रे वाचून दिली, तर निम्मे काम तेथेच पुरे होते. घरात जपलेला जीर्ण कागद वाळवीने खाल्ला, की क्रमांकही गेला. म्हणून त्याची छायाप्रत आजच काढून ठेवणे, ही या शोधाची पहिली पायरी होय.