डफावर थाप पडली की...

चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा घेऊन निघालेला शेतकरी असो, की पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात पाळी करणारा त्याचा मुलगा असो. १ मे उजाडला की दोघांच्या कानांवर एकच खडा आवाज येतो. 'जय जय महाराष्ट्र माझा'! शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि गळा शाहीर साबळे यांचा. २०२३ साली सरकारने या गीताला राज्यगीताचा मान दिला. पण या एका गाण्यावर शाहिरांची ओळख संपत नाही.

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ चा, वाई तालुक्यातल्या पसरणीचा. आपल्यासारख्याच खेड्यातला हा मुलगा. लहानपणी हाती बासरी आली. शिक्षणासाठी अमळनेरला गेले आणि पुढे साने गुरुजींचा सहवास लाभला. १९४२ च्या लढ्यात त्यांनी गाण्यातून लोकांना जागे केले. स्वराज्य आले तरी डफ खाली ठेवला नाही. पसरणीच्या भैरवनाथाच्या देवळात दलित बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून ते पुढे झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही त्यांचा आवाज घुमला.

शाहीर नुसते गात नसत. पोवाडे लिहीत, चाली बांधत, रंगमंचावर उभे राहत. तमाशातली बतावणी आणि गाणी घेऊन त्यांनी मुक्तनाट्य उभे केले. १९६० चे 'यमराज्यात एक रात्र' हे त्यातले पहिले. पोट धरून हसवायचे आणि हसता हसता चिमटा काढायचा, ही त्यांची रीत.

पुढे 'आंधळं दळतंय' आले. मुंबईत मराठी माणूस कसा मागे पडतो, हे त्यात होते. हे नाव आपल्या म्हणीतूनच घेतलेले. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! हे नाव ऐकले की आपल्या पट्ट्यातल्या माणसालाही विचार पडतो. जिथे बापाने नांगर धरला तिथे आज कारखान्याचे फाटक आहे. जमिनीचे पैसे आले, खर्चही झाले. त्या फाटकाच्या आत आपला मुलगा कायम कामावर आहे की कंत्राटावर? पीठ कुणाच्या पदरात पडले? शाहिरांचा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

त्यांचे आणखी एक मोठे काम म्हणजे 'महाराष्ट्राची लोकधारा'. वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, कोळीगीते, भारुडे असे जे आपल्या अंगणात होते, ते त्यांनी मानाने रंगमंचावर नेले. नाथमहाराजांचे विंचवाचे भारूड त्यांच्या तोंडून ऐकताना म्हातारी माणसेसुद्धा ठेका धरत. या लोकधारेतून पुढे अनेक नामवंत कलावंत घडले.

१९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 'माझा पवाडा' हे आत्मचरित्र त्यांनी लिहिले. २० मार्च २०१५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, हा डफ शांत झाला. नातू केदार शिंदे यांनी २०२३ मध्ये त्यांच्यावर 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट काढला.

वाचकहो, शाहिरांनी जे गोळा केले ते तुमच्याच घरातले होते. जात्यावरच्या ओव्या ज्यांना येतात अशा आज्या गावात अजून आहेत. आज संध्याकाळी नातवंडांना त्यांच्यापुढे बसवा. शाहिरांना याहून मोठा मुजरा दुसरा नाही.