जुन्या तबल्याचं खोड: पॉलिश करण्याआधी

आजोबांच्या काळातला तबला माळ्यावरून खाली आला की घरात पहिला बेत ठरतो तो पॉलिशचा. खोड खरवडून चकचकीत केलं की नादही खुलेल, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. तबल्याचा स्वर पुडीतून, म्हणजे तोंडावर ताणलेल्या कातड्यातून येतो. कातड्याच्या मधोमध शाईचं वजन पडतं, म्हणूनच एरवी बेसूर निघणारे वरचे नाद मूळ स्वराशी जुळतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली हे दाखवलं आणि १९३४ मध्ये सविस्तर मांडलं. खोडानं जड आणि घट्ट राहून पुडीला आधार द्यायचा असतो. त्यावरच्या पॉलिशच्या पातळ थरानं स्वरात ऐकू येण्याजोगा फरक पडत नाही.

खरवडण्यानं मात्र पडतो. पुडी टेकते तो तोंडाचा काठ एका पातळीत असावा लागतो. तिथे पॉलिश पेपर फिरून एका बाजूला जरासा खोलगटपणा आला, तरी पुडीचा ताण असमान होतो आणि सोळाही घरं एका सुरात मिळवताना नाकी नऊ येतात. म्हणून काठाला आणि आतल्या पोकळीला हात लावूच नये. बाहेरूनही घासायचं ते वरून खाली, कारण लाकडाच्या रेषा उभ्या असतात. लेथवर गरगर फिरवून घासलेल्या खोडावर आडवे ओरखडे राहतात आणि पॉलिश चढलं की तेच आधी डोळ्यांत भरतात.

मग जुन्या खोडावरचा काळपटपणा? तो बहुतेक वेळा लाकडात नसतोच. घाम, पावडर आणि धूळ जुन्या पॉलिशवर बसून झालेलं ते कीटण असतं. सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरडं करा. खालचं शिसव किंवा बिबळा दिसू लागला की पुष्कळदा पुढचं काही करावंच लागत नाही.

‘लाकडाला तेल पाजावं’ हा सल्ला तर हमखास मिळतो. खोबरेल कधी वाळत नाही. ते चिकट राहतं, धूळ धरतं, वादीच्या चामड्यात उतरतं आणि पुढे पॉलिश नीट धरू देत नाही. जवसाचं तेल वाळतं खरं, पण त्याचे भिजलेले बोळे चुरगळून टाकले तर आपोआप पेट घेऊ शकतात.

पॉलिश कोणतं, याबाबतीत माझं मत ठाम आहे: जुन्या वाद्याला लाखेचंच. पीयू (पॉलियुरेथेन) टिकाऊ म्हणून सुचवतात, पण ते बिघडलं की पुन्हा खरवडणं आलं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे उद्या कुणाला ती काढायची झाली तर लाकडाला धक्का लागत नाही. तिची उणीव म्हणजे पाणी लागलं की पांढरे डाग पडतात. लिटरभर स्पिरिटला १०० ते १५० ग्रॅम चपडा लाख पुरते. मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानं पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात वाळू द्यावा. द्रावण ताजंच हवं. महिनोन्महिने बाटलीत राहिलेली लाख कडक वाळत नाही. भर पावसाळ्यात हे काम काढू नये, दमट हवेत थर पांढुरका पडतो. वादीखालच्या लाकडी गठ्ठ्यांना पॉलिश नकोच. ते घर्षणावर जागच्या जागी राहतात, गुळगुळीत झाले की सरकतात.

चीर पॉलिशनं बुजते, हा समज सगळ्यात महागात पडतो. वरून पोकळीपर्यंत गेलेली चीर थरामागे फक्त लपते आणि पुडी ताणली की पुन्हा उघडते. तिच्यात त्याच जातीच्या लाकडाची पट्टी सरसानं बसवावी लागते, आणि ते जाणत्या कारागिराचं काम आहे.

या सगळ्याला योग्य वेळ एकच, पुडी बदलताना. तेव्हा वादी निघालेली असते आणि खोड मोकळं असतं. तबला कारागिराकडे द्याल तेव्हा काठ घासायचा नाही आणि लेथवर चढवायचं नाही, एवढं आधीच सांगून ठेवा.